डबो घेवचो की नको

बिलाचे पैसे मोजता मोजता रत्नप्रभाकाकी म्हणाल्या,
"मेतरा, तो डबो घेवचो की नको?
झील म्हणता, चार हजारात सगळा येता.
तू खरा काय ता सांग."

अख्ख्या तारामुंबरीत
हे केबलवाल्याला विचारणारी ही एकच बाई.
म्हणजे मासेवालीला विचारावं,
श्रावण पाळू का.

मी पावतीपुस्तक मिटलं.
बावीस वर्षं या माडावरून त्या माडावर वायर ओढली.
खिळा मारला म्हणून शिव्या खाल्ल्या,
नाही मारला तेव्हा वायर विहिरीत.
खारं वारं कनेक्टर चघळतं,
दात नसलेल्या माणसाने सुपारी चघळावी तसं,
उरलेलं वानरं बघतात.
आणि फायनलच्या रात्री चित्र गेलं
की याच पडवीत उभं राहून
मी बापापर्यंत ऐकून घेतलंय.

तर खरं सांगतो, काकी.
डबा चांगला असतो. साबणाच्या वडीएवढा.
एक वायर टीव्हीला, एक विजेला,
बाकी सगळं हवेतून.
पण तुमच्याकडे हवा कुठाय?
झिलाचा फोन आला की तुम्ही धावता
फणसाखाली, त्या एका कोपऱ्यात,
आणि तिथूनही अर्धं "हॅलो हॅलो"च.
फायबर जामसंड्यापर्यंत आलंय.
उतारावरून खाली येतंय, येतंय म्हणतात,
तीन गणपती झाले.
आणि लाइट गेली की
डबा परत साबणाची वडी.

मग पैसे.
चार हजार एकदाच. नंतर नेटचे वेगळे,
सिनेमाचे वेगळे, क्रिकेटचे त्याहून वेगळे.
ते झिलाच्या कार्डातून कटतील, गुपचूप,
म्हणून तुम्हाला फुकट वाटतील.
माझे तीनशे तुम्ही हातात देता,
दहा-दहाच्या नोटा, बांगड्याचा वास मारणाऱ्या,
म्हणून ते महाग.

तरी एक गोष्ट आहे, ती मला देता येत नाही.
डबा थांबतो.
तुम्ही कालवण उतरवून, हात पुसून, कडी लावून येईपर्यंत
बोलणारा माणूस तोंड उघडं ठेवून
तिथेच उभा असतो.
माझी मालिका कोणासाठी थांबली नाही.
बोटीसुद्धा थांबत नाहीत.

काकी ऐकत होत्या. पदराच्या टोकाला
सुटे पैसे बांधून झाले होते.
मग म्हणाल्या, "आणि त्येच्यात आमचे हे दिसतले?"

मला लगेच कळलं नाही.
जयवंतकाका. मे महिन्यातल्या रात्रीच्या मॅची,
अंडरआर्म, जेटीमागच्या मैदानावर,
हॅलोजनभोवती किडे,
आणि हातात माइक घेऊन काका:
"चेंडू थेट गावकराच्या काजीत!
शोधूक जाणाऱ्यान विंचू बघून पाय टाकचो!"
आमच्या लोकल चॅनलवर थेट.
बारा वर्षांपूर्वीची ती कॅसेट,
नंतर सीडी केली, मग कॉम्प्युटरात घातली.
बोटी वर ओढल्या की पावसाळ्यात
रात्री अकरानंतर लावतो मी,
काहीतरी चालू हवं म्हणून.
बघतं कोण, असं समजून.

"मंगळवारी लावतंस," काकी म्हणाल्या.
"मी बघतंय."

वाडीत माझी आता एकोणतीस घरं उरलीत.
त्यातलं एक रात्री अकराला जागं असतं,
हे आजवर कोणत्याच पावतीवर नव्हतं.

नाही, म्हणालो. डब्यात ते नाहीत.
जगातलं सगळं आहे, ते तेवढे नाहीत.
"मग रवांदे," त्या म्हणाल्या,
आणि आत गेल्या, भात बघायला.

मी स्कूटर ढकलत चढाला लागलो.
पवनचक्क्या वर नुसत्याच उभ्या होत्या.

डब्याच्या मागच्या बाजूला
एक चपटं भोक असतं.
त्यात पेनड्राइव्ह जातो.
साडेतीनशे रुपयांचा. त्यात काका मावतील,
सगळ्या मॅचींसकट, आणि थांबतीलसुद्धा,
कालवण उतरेपर्यंत.

हे मी सांगितलं नाही.

सांगेन.
पुढच्या महिन्यात, बिलाला जाईन तेव्हा.